वाकावं लागू नये म्हणून

मा. संपादक,
स. न.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या मदतनीस कुत्र्यांविषयी छापून येतं तेव्हा सगळा भर सोबत, माया, एकटेपणा यांवर असतो. तेही खरंच आहे. पण या कुत्र्याचं रोजचं मोठं काम म्हणजे खाली पडलेली वस्तू उचलून देणं. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला धडाचा तोल सांभाळता येत नाही. फोन घ्यायला तो पुढे वाकला तर तोंडावर आपटू शकतो. म्हणून तो वाकतच नाही आणि कुणी येईपर्यंत फोन तिथेच वाजत राहतो.

हे उचलणं कुत्र्याला टप्प्याटप्प्याने शिकवतात. आधी लाकडी दांडकं तोंडात धरायचं, सांगेपर्यंत सोडायचं नाही, मग तेच जमिनीवरून उचलायचं आणि शेवटी मांडीवर आणून ठेवायचं. ‘सांगेपर्यंत सोडायचं नाही’ हा टप्पा घाईत उरकला, तर कुत्रा वस्तू निम्म्या वाटेत टाकतो. बऱ्याच कुत्र्यांना धातू तोंडात धरायला आवडत नाही, म्हणून किल्लीला कापडाची जाड पट्टी बांधावी. गुळगुळीत फरशीवरचं एटीएम कार्ड दातांत येत नाही. ते दोरी लावलेल्या पाकिटात ठेवलेलं बरं.

फ्रिजच्या मुठीला जुना टॉवेल बांधला की कुत्रा तो ओढून दार उघडतो. नाकाने ढकलून बंद करायलाही शिकवावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. आपल्या घरांत मात्र खरी अडचण वेगळीच आहे. स्विचबोर्ड माणसाच्या छातीइतका उंच, त्यावर सहा-आठ बारीक बटणं एका ओळीत. पंजाने त्यातलं एकच कसं दाबणार? दाराची कडी तर त्याहून वर. एक मोठं, सुटं बटण खाली बसवलं आणि कडीच्या जागी खाली दाबायची मूठ लावून तिला दोरी बांधली, तर ही दोन्ही कामं कुत्र्याच्या आवाक्यात येतात. इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांचं हे काम कुत्रा घरी येण्याआधी झालेलं असावं.

कुत्र्याकडून खुर्ची ओढून घेण्याचा मोह टाळावा. चढावर आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याच्या खांद्यांवर, कमरेवर ताण येतो आणि अचानक हिसका बसला तर खुर्चीही कलंडते. चालताना पट्टा सैल लोंबू लागला की पुढच्या लहान चाकात गुंततो. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर पंजेही भाजणारच. शी-शू ठरलेल्या जागी, सांगितल्यावर करायची सवय आणि लांब दांड्याचं खोरं, या दोन गोष्टी नसतील तर बसल्या जागेवरून सफाई जमत नाही.

अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखालच्या नियमांनुसार, कुत्र्याचं काम उघड दिसत नसेल तर दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि तो कोणतं काम शिकलेला आहे? कागदपत्रं मागता येत नाहीत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा कुत्र्याच्या प्रवेशाचं स्वतंत्र कलम नाही. त्यामुळे हॉटेलात किंवा रिक्षात घ्यायचं की नाही, हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर राहतं. हे नियम राज्य सरकारने तरी लेखी करावेत. अर्थात पायऱ्यांपुढे नियमही हतबल आहे. एकास बारा उताराचा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा, रॅम्प लागतोच.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कुत्रा सोबत असलेल्या व्हीलचेअरवरच्या माणसांकडे पाहून वाटसरू जास्त हसले, त्यांच्याशी जास्त बोलले. इथेही बोलावं, पण माणसाशी. कुत्र्याला चुचकारू नये, बिस्कीट दाखवू नये. त्याचं लक्ष तुमच्याकडे वळलं की पंजा चाकाखाली जातो.

– पुनर्वसन क्षेत्रातील एक वाचक, पुणे