कर्तबगार बायकांचं एक दालन नागपुरात पाहिजेच

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

८ मार्च जवळ आला की आपल्या नागपुरात सत्कारांची नुसती रांग लागते, शाल, श्रीफळ, मोमेंटो, ग्रुप फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आणि मग वर्षभर कोणाला काही आठवत नाही. आमच्या शेजारी एक रिटायर्ड नर्स काकू राहतात, त्यांच्या शोकेसमध्ये असाच एक मोमेंटो आहे, वरची प्लास्टिकची पन्नीसुद्धा तशीच आहे, त्यावर 'आदर्श महिला' एवढंच लिहिलंय आणि खाली स्पॉन्सरचं नाव मोठ्या अक्षरात. काकूंनी जन्मभर काय काम केलं त्याचा एक शब्द नाही. म्हणून हे पत्र. शहरात बायकांच्या कर्तृत्वाचं एक कायमचं दालन पाहिजे, हॉल ऑफ फेम म्हणतात तसं, आणि तिथं बिरुदं कमी लावा पण त्या बाईनं नेमकं काय केलं, कसं केलं, कोणी अडवलं हे नीट लिहा.

अमेरिकेत सेनेका फॉल्स नावाच्या छोट्याशा गावात असं दालन १९६९ पासून आहे, कारण १८४८ ची स्त्रियांच्या हक्कांची परिषद त्या गावात भरली होती. मग आपलं नागपूर काय कमी आहे का? २० जुलै १९४२ ला इथं दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, वीस-पंचवीस हजार बायका आल्या होत्या अशी नोंद आहे, आणि त्या काळात त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त लग्नांवर बंदी मागितली, मिलमधल्या आणि विडी कारखान्यातल्या बायकांना रजा मागितली! हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

आणि जाईबाई चौधरी. उमरेडचा जन्म, १८९२ चा. रेल्वे स्टेशनवर लोकांचं सामान डोक्यावर वाहून पोट भरायच्या, एका मिशनरी बाईंनी त्यांना मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली, तर सवर्ण पालकांनी अस्पृश्य बाई आमच्या पोरांना शिकवते म्हणून बोंब केली आणि ती नोकरी गेली. मग जाईबाईंनी १९२२ मध्ये स्वतःच संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. पुढे १९३७ मध्ये नागपुरात मोठी महिला परिषद भरली तेव्हा तिथं त्यांना जेवायला वेगळं बसवलं गेलं, बायकांच्याच परिषदेत. दालनात हेही लिहावं असं मला वाटते, गोड गोड तेवढंच लिहायचं असेल तर दालन नाही केलं तरी चालेल. सामान वाहणारी बाई शाळा काढते ही गोष्ट आपल्या शहरातल्या प्रत्येक पोरीला ठाऊक पाहिजे ना.

कमलाताई होस्पेट तशाच. लहान वयात वैधव्य आलं, नर्सिंग शिकल्या आणि १९२१ ला वेणूताई नेने यांच्यासोबत मातृ सेवा संघ सुरू केला. बर्डीच्या मातृ सेवा संघात जन्म झाला असं सांगणारी माणसं नागपुरात घराघरात भेटतील, माझ्या सासरीच कितीतरी आहेत, पण कमलाताई कोण ते त्यांनाही सांगता येत नाही. अनसूयाबाई काळे १९५२ मध्ये नागपूरच्या खासदार झाल्या, त्याआधी १९४२ च्या आंदोलनातल्या चिमूर-आष्टीच्या लोकांची फाशी टळावी म्हणून त्या झटल्या. संस्कृत शिकून संस्कृतच्याच प्राध्यापक झालेल्या कुमुद पावडे, मोलकरणींची संघटना बांधणाऱ्या रूपा कुळकर्णी. किती सांगू.

आताच्या पोरीही पाहिजेतच. आपली दिव्या देशमुख २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिचं वय फक्त १९ होतं. बॅडमिंटनमध्ये मालविका बनसोडनं २०२२ च्या इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं. क्रिकेटर मोना मेश्राम २०१७ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये होती. यांच्या फोटोशेजारी जाईबाईंचं पान लागलं तर दिव्याला बघायला आलेली पोट्टी जाईबाईंपाशीही थांबेल.

जागेसाठी फार मोठी बिल्डिंग लागत नाही. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या जुन्या म्युझियममध्ये, एखादी खोली मिळाली तरी सुरुवात होते, नाही तर मेट्रोच्या झाशी राणी चौक स्टेशनात एक भिंत द्या, रोज किती बायका-मुली तिथून जातात. फक्त नावं ठरवायला नेत्यांची कमिटी नको, लोकांकडून नावं मागवा, आणि वस्त्यांमधून, बचत गटांमधून, दवाखान्यांमधून, शाळांमधून आलेली नावंही तेवढ्याच मानानं घ्या.

एक काम मात्र तुम्ही उद्यापासून करू शकता. ज्यांच्या घरी अशा बायकांचे जुने फोटो, पत्रं, शाळेची रजिस्टरं पडून असतील त्यांना तुमच्या पेपरातून आवाहन करा, कारण जुनी घरं पाडून फ्लॅट होऊन राहिले आणि ट्रंकांमधले कागद भंगारवाल्याकडे जाऊन राहिले. आलेल्या कागदांच्या याद्या करायला, अक्षर लावून वाचायला मी आणि माझ्या मैत्रिणी बिनपैशानं येऊ.

आपली एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर