सदास पत्र: अण्णांची मोर्सची की आणि पाच अक्षरे

सातारा
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझे पत्र आले, त्याला मी उत्तर दिले नाही. त्याआधी अण्णांच्या वर्षश्राद्धाला येतो म्हणालो आणि आलो नाही. दोन्हींची कारणे सांगत बसलो तर पत्र त्यातच संपेल, म्हणून सरळ क्षमा मागतो. प्रकृती बरी आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, हिचे गुडघे थंडीत दुखतात, एवढेच. आज लिहायचे कारण वेगळे आहे. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली. ती घरी सांगितली तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने ऐकून घेतली आणि पाने वाढायला घेतली. त्यांचा काही दोष नाही. ती गोष्ट समजायला मंगळवार तळ्याजवळच्या तुमच्या ओट्यावर बसलेला माणूस लागतो, आणि असा तूच उरला आहेस.

मी मोर्स शिकतो आहे, म्हणजे टिंबे आणि रेघांच्या आवाजांत अक्षरे पाठवायची ती तारेची भाषा. होय, तेच कडकट्ट. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संदेशांचा, परवाना काढायचे मनाने घेतले ते २०१९च्या ऑगस्टपासून. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले होते, ताई सांगलीला गावभागात माडीवर अडकली होती, वीज नव्हती, आणि तीन दिवस तिच्या मोबाइलवर लागणारी प्रत्येक रिंग मला 'बंद आहे' एवढेच सांगत होती. तेव्हा ठरवले, पण हात घातला तो निवृत्तीनंतर. आपल्याकडे परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स ऐकून लिहिता यावे लागते. पाच मिनिटांचा उतारा, दोनशे अक्षरांचा, आणि पाचापेक्षा जास्त चुका झाल्या की नापास. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ही सक्ती ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोडली आणि बहुतेकांनी ती काढून टाकली. आपण जनरलसाठी ती ठेवली आहे. जो तो मला सांगतो की रिस्ट्रिक्टेड घ्या आणि मोकळे व्हा. मी जनरलचा अर्ज भरला आहे, आणि माझी सगळी काळजी त्या आठ शब्दांपाशी येऊन थांबली आहे.

मला सहाच्या पुढे जाता येत नाही, सदा. चार महिने झाले, रोज पहाटे अर्धा तास आणि रात्री अर्धा तास करतो आहे, तरी सहा म्हणजे सहा. कारण मला कळले आहे, आणि ते तुला सांगताना मला पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे भांडण मिटवावे लागेल.

नववीतली दिवाळीची सुट्टी आठव. तारघरात काम करणाऱ्या अण्णांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी मोर्स शिकवायला सुरुवात केली. ते फक्त वाजवायचे आणि अक्षराचे नाव घ्यायचे. कागदावर काही काढू द्यायचे नाहीत. मी मात्र स्काउटच्या पुस्तिकेतला टिंबा-रेघांचा तक्ता दोन रात्रींत पाठ करून आलो आणि सव्वीसच्या सव्वीस अक्षरे त्यांना घडाघडा म्हणून दाखवली. तुला तेव्हा नऊ येत होती. अण्णा म्हणाले, "हे पाठांतर झाले. आता हे विसर, मग शिकवतो." मी भर ओट्यावर तुम्हा दोघांशी भांडलो, पंधरा दिवस तुमच्याकडे फिरकलो नाही, आणि त्यांनी सरावाला दिलेली की, म्हणजे दाबून मोर्स वाजवायची ती पट्टी, तशीच माझ्याकडे राहिली. ती तू पुढे किती वेळा मागितलीस आणि मी किती वेळा "सापडत नाही" म्हणालो, याचा हिशेब तुझ्याकडे असेलच. ती कधीच हरवली नव्हती. अण्णा बरोबर होते, तू बरोबर होतास, आणि आज त्या तक्त्याची किंमत मी भरतो आहे.

होते असे की आवाज आला की माझ्या डोळ्यांपुढे आधी टिंबे आणि रेघा उभ्या राहतात, मग मी त्या मोजतो, मग तक्त्यात अक्षर शोधतो, आणि तोवर पुढची दोन अक्षरे निघून गेलेली असतात. चार टिंबे एच, पाच टिंबे म्हणजे पाचाचा आकडा. एक मोजायचे राहिले की अख्खा शब्द गेला. ज्यांच्याकडे मी जातो ते यवतेश्वरच्या रस्त्याला राहणारे एक जुने व्हीयू टू आहेत, म्हणजे व्हीयू टूने सुरू होणारी कॉल साइन (स्टेशनचे ओळखचिन्ह) असलेले हॅम, तीस वर्षांहून अधिक काळ परवाना असलेले. त्यांनी मला लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाची १९३०च्या दशकातली पद्धत लावून दिली. अक्षर पहिल्या दिवसापासून मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने वाजवायचे, आधी फक्त के आणि एम ही दोनच; शंभरात नव्वद बरोबर आली की तिसरे घ्यायचे. त्या वेगात एक टिंब सेकंदाच्या सोळाव्या भागापेक्षाही लवकर संपते, म्हणून मोजता येतच नाही आणि कानाला अख्खे अक्षर ऐकावे लागते. परीक्षेच्या वेगात तेच टिंब अडीचपट लांब होते, आणि माझे मोजणारे मन तिथे लगेच बोटे घालते. अण्णांनी कॉखचे नावही ऐकले नसेल, पण ते आपल्याला हेच शिकवत होते.

मध्ये मला एक शोध लागला. एका पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढताना नेहमीप्रमाणे खाली उभ्या गाड्यांचे नंबर मोर्समध्ये म्हणत होतो (एमएच ११चा एम आणि एच आता माझ्या पायांना पाठ आहेत), आणि एकदम मराठीच्या बाईंचे यमाताराजभानसलगा आठवले. टिंब लघु, रेघ गुरू. तीन चिन्हांची मोर्समध्ये बरोबर आठ अक्षरे आहेत आणि गणही आठच! य गण म्हणजे डब्ल्यू, म गण ओ, त गण जी, र गण के, ज गण आर, भ गण डी, न गण एस, स गण यू. मी कड्यावर उभा राहून दोनदा पडताळून पाहिले, एकही चुकत नाही. मात्रांचा हिशेब तेवढा जुळत नाही, कारण आपला गुरू दोन मात्रांचा आणि मोर्सची रेघ तीन टिंबांएवढी. व्हीयू टूंना सांगितले तेव्हा ते मनापासून खूश झाले आणि म्हणाले, "फार सुंदर आहे. आता हेही टाकून द्या. आवाज आणि अक्षर यांच्यामध्ये आणखी एक जिना बांधलात तुम्ही." मला वाईट वाटले, पण ते खरे आहे. तरी तुला लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण वृत्ते ओळखण्यात तू नेहमी माझ्या पुढे असायचास.

आता मुख्य गोष्ट. २२ डिसेंबरच्या रात्री त्यांच्या खोलीत चाळीस मीटरच्या बँडवर बसलो होतो. दिवसा वातावरणात उंचावर असलेला डी थर ही रेडिओलहर शोषून घेतो, अंधार पडला की तो विरतो आणि लांबची स्टेशने ऐकू येऊ लागतात. त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर घातले आणि पेन्सिल हातात दिली. खरखर होती, आवाज लाटेसारखा चढत-उतरत होता. कोणीतरी सावकाश, हाताने पाठवत होता. सीक्यू, म्हणजे 'कोणीही उत्तर द्या' ही हाक, कळले; कॉल साइनमधली दोन अक्षरे सुटली. मग क्यूटीएच आले, म्हणजे गाव, आणि त्यापुढे माझ्या हाताने कागदावर 'कोची' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला. हाताने लिहिला म्हणतो, कारण मी काही मोजले नाही. त्या गृहस्थाच्या केची शेवटची रेघ थोडी ओढलेली होती, अगदी अण्णांच्या केसारखी. मग ओ आला, सी आला, आणि शेवटी एच आणि आय, म्हणजे एकापाठोपाठ सहा टिंबे, चार आणि दोन. त्यांच्यामधली ती तीन टिंबांएवढी रिकामी जागा मला ऐकू आली. टिंबे नाही, जागा ऐकू आली. पेन्सिल थांबली आणि पुढचा सगळा मजकूर निघून गेला.

तेव्हा मला अण्णांची कोयनेची गोष्ट आठवली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला आणि त्यानंतरचे दिवस ते तारघरातून हलले नाहीत. जो तो एकच तार करत होता: सेफ. ते म्हणायचे की दुसऱ्या दिवसापासून मला त्या शब्दातली चार अक्षरे वेगळी ऐकूच येईनात, सगळा मिळून एकच आवाज झाला. लहानपणी ती मला दमलेल्या माणसाची गोष्ट वाटायची. ते आपल्याला मोर्स कसा ऐकायचा हे सांगत होते.

पण तीन आठवडे झाले, ते पुन्हा घडलेले नाही, आणि आता मला अशी शंका खाते आहे की मी ऐकले की ओळखले? 'के, ओ, सी' आल्यावर पुढे काय येणार हे कोणीही सांगेल. साध्या मजकुरात मन पुढे धावते आणि कानाचे श्रेय घेते. पाच-पाच अक्षरांचे निरर्थक गट वाजवले की मी परत सहावर येतो. संगणकाचा सराव तर आता फसवा झाला आहे, त्याचा आवाज इतका काटेकोर असतो की हाताने पाठवलेले आले की मी गोंधळतो. मार्चअखेर परीक्षा आहे असे कळते. रिस्ट्रिक्टेड घेऊन बोलायला लागावे असे रात्री वाटते आणि सकाळी लाज वाटते. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली त्या रात्री तू फोन केला होतास, आणि मी "मोर्स तर टेलिप्रिंटरने केव्हाच घालवला होता" म्हणून विषय संपवला. अण्णा शेजारी बसून ऐकत होते हे तू नंतर सांगितलेस. ते माझ्या मनातून गेलेले नाही.

की मी काल उघडली. सागवानी फळी, हॅकसॉचे पाते, टोकाला कोटाचे बटण, खाली पितळी स्क्रू. संपर्काच्या जागी काळे साचले होते ते बारीक पॉलिश पेपरने काढले, आणि फट एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेवली, अण्णा ठेवायचे तशी. पाते अजून तेवढेच ताठ आहे. बाकावर टिचकी म्हणजे टिंब आणि नखाचा ओरखडा म्हणजे रेघ करून आपण इतिहासाच्या तासाला बोलायचो, आणि सरांनी शिपायाला बोलावून बाकाखाली उंदीर शोधायला लावला होता, ते आठवून एकटाच हसलो. शिपाई बिचारा पिंजरा घेऊन आला होता!

तुझी बदली झाली का? वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले असेल. धाकटीचे पुण्यात जमले तर कळव, कंदी पेढे इथून पाठवतो.

माझे एक काम कर. तुझा हात गेलेला नाही, हे मला ठाऊक आहे. सोमवारपासून रोज रात्री नऊला फोन लाव आणि पाच मिनिटे मला वाजवून दाखव. शब्द नकोत, निरर्थक गट दे, म्हणजे मला अंदाज बांधता येणार नाही. अक्षर वेगाने वाजव आणि मधली जागा भरपूर सोड. वाजवायला तुझ्याकडे काही नसेल तर टेबलावर टिचकी आणि ओरखडा चालेल. परीक्षा झाली की निकाल काहीही लागो, मी की घेऊन नाशिकला येतो. ती तुझी आहे.

तुझा,
विनू

ता. क. नऊ म्हणजे नऊ. सव्वानऊला इथे बातम्या लागतात आणि मला काही ऐकू येत नाही.