पिंपल्सच्या गोळ्या आणि घरातली लपवाछपवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मुलगी हॉस्टेलवरून घरी आली, तिची बॅग धुवायला काढली तर आतल्या कप्प्यात गोळ्यांचं पाकीट निघालं. २१ गोळ्या, प्रत्येकीखाली वार छापलेला, बाण काढलेले, अर्ध्या संपलेल्या. गर्भनिरोधक गोळ्या आहेत कळल्यावर मी जे बोलायला नको ते सगळं बोलून बसले, पोरगी रडत एवढंच म्हणत होती, "आई अगं पिंपल्ससाठी घेतेय, हनुवटी बघ ना माझी!"

हनुवटी मी दोन वर्षं बघतच होते की. पाळी जवळ आली की जबड्याच्या कडेने मोठे दुखरे फोड यायचे, उशीला गाल टेकवता यायचा नाही, आणि आम्ही काय करत होतो तर मुलतानी माती, आणि लग्न झालं की जातील म्हणणाऱ्या नातेवाइकांना हो हो म्हणणं.

मग दोघी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट सांगितलं की बायकांच्या शरीरातही पुरुषी हार्मोन थोडं असतंच, त्याने त्वचेतलं तेल वाढतं, गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे लिव्हर एक प्रोटीन जास्त बनवतं आणि ते प्रोटीन हे हार्मोन धरून ठेवतं, म्हणून फोड कमी होतात, पण फरक दिसायला ३ ते ६ महिने लागतात. अमेरिकेत १९९७ पासून अशा गोळीला पिंपल्ससाठी सरकारी मान्यता आहे, म्हणजे यात चोरून करण्यासारखं काही नाहीच.

पण पुढे त्यांनी विचारलं, घरात कोणाला पायात रक्ताची गाठ झाली होती का? माझ्या सख्ख्या बहिणीला बाळंतपणानंतर झाली होती, पोटरी सुजून लालबुंद. मुलीला हे माहीतच नव्हतं! तिने मैत्रिणीच्या पाकिटाचं नाव बघून मेडिकलमधून गोळ्या आणलेल्या, चिठ्ठी कोणी मागितली नाही, बीपी कोणी बघितलं नाही, डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येऊन डोकं दुखतं का हेही कोणी विचारलं नाही, आणि आईला विचारायची तर सोयच नव्हती. अशा गाठी गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना होतात, पिंपल्ससाठी देतात त्यातल्या काही गोळ्यांवर ९ ते १२ जणींना. आकडा लहानच आहे, बऱ्याच मुलींना ही गोळी चालते, पण आमच्या घरात गाठीचा इतिहास आहे आणि तो फक्त मला माहीत होता.

डॉक्टरांनी गोळ्या बंद करून लावायची जेल दिलीत. मेडिकलवाल्यांना हात जोडून विनंती, चिठ्ठीशिवाय ही पाकिटं देऊ नका. आणि आयांनो, पाकीट सापडलं तर आधी ऐकून घ्या हो, मी नाही घेतलं.

त्याच रात्री बहिणीला फोन लावून दिला, मावशी-भाची तासभर बोलत होत्या.

– एक आई, सांगली