‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देताना बाळाचे दातही पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाची लस देतात, तेव्हाच त्याच्या तोंडात ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस घालतात. दुसरा डोस दीड वर्षाच्या सुमारास आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी, पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत. असे एकूण ९ डोस. म्हणजे वेळेवर लसीकरण सत्राला येणाऱ्या प्रत्येक मुलाचे तोंड नर्सताईंसमोर नऊ वेळा उघडते. सातारा जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना मी हे डोस वर्षानुवर्षे दिले. वजन, लस, डोस, पुढची तारीख हे सगळे आम्ही कार्डावर नेमाने भरायचो. दातांचे मात्र कोणी विचारले नाही. बैठकीत तो विषय निघाला नाही, महिन्याच्या अहवालात त्याचा आकडा कोणी मागितला नाही. माझी मागणी साधी आहे. या नऊही वेळी बाळाचा वरचा ओठ बोटाने उचलून पुढचे दात पाहावेत आणि जे दिसेल ते कार्डावर लिहावे.

वरचाच ओठ का, तर लहान बाळांची कीड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते आणि लाळही तिथे साचलेली असते, त्यामुळे ते बरेचदा वाचतात. वरचे दात उघडे पडतात. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच बाळ झोपले, तर ते दूध वरच्या दातांभोवती राहते आणि झोपेत लाळही कमी सुटते. सुरुवातीला हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. दुखत नाही, बाळ रडत नाही, म्हणून आईच्याही लक्षात येत नाही. खरे तर हाच काळ महत्त्वाचा. या टप्प्यावर साखर कमी केली आणि फ्लोराइडची पेस्ट सुरू केली, तर ती रेघ तिथेच थांबू शकते, भरूनही येऊ शकते. पुढे ती पिवळी-तपकिरी होते, दात खचतो आणि तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात काळे खुंट उरतात. असे खुंट असलेली मुले मी वाडीवस्तीवर इतकी पाहिली आहेत की ‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य ऐकले की आजही मला राहवत नाही.

दुधाचे दात पडतात हे खरे, पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांपासून पडू लागतात, दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर मुलाने भाकरी चावायची ती याच दाढांनी. शिवाय पक्क्या दातांची जागा हेच दात राखून ठेवतात आणि किडीचा पू मुळाशी गेला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होते. आणखी एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते, ती पक्की असते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तर पुन्हा येणार नाही.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. वजन घसरले की मूल ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) किंवा ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) मुलांच्या यादीत येते, आहार वाढवतात, जंताची गोळी देतात, आईला समुपदेशन होते. हे सगळे योग्यच आहे. पण त्या मुलाचे तोंड किती जण पाहतात? ज्याच्या दोन्ही बाजूंच्या दाढा ठणकतात, ते मूल घास गालात धरून बसते, कडक काही खात नाही आणि चहात बुडवलेल्या मऊ बिस्किटावर दिवस काढते. आई म्हणते, ‘ह्याला बिस्किटाशिवाय काही जातच नाही.’ त्या बिस्किटाने दाढा आणखी किडतात. आईला दोष देण्यात अर्थ नाही. पहाटे रानात जाणाऱ्या बाईला मूल शांत ठेवायला चहा-बिस्किटाइतके स्वस्त आणि हाताशी दुसरे काय आहे? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोप्यांवर तर मुलांचा सकाळचा नाश्ता बहुधा तोच असतो. म्हणूनच तिला हे वेळेवर आणि नीट समजावून सांगणारे कोणी तरी हवे.

बाळाच्या दातांची गोष्ट आईच्या पोटातच सुरू होते. दुधाच्या दातांचे अंकुर गर्भारपणाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरतात. त्याच काळात आईच्या हिरड्याही नाजूक होतात. संप्रेरके वाढल्याने थोडे किटण साचले तरी हिरड्या सुजतात, ब्रश लावला की रक्त येते. मग रक्ताच्या भीतीने बाई ब्रश करायचेच सोडते आणि हिरड्या आणखी बिघडतात. सकाळच्या उलट्यांमधले आम्ल दात झिजवते. उलटीनंतर लगेच ब्रश न करता पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत, इतकी साधी माहितीसुद्धा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

घरात मात्र सल्ले भरपूर असतात. ‘एका बाळामागे एक दात जातोच’, ‘पोटातलं लेकरू दातातलं कॅल्शियम ओढून घेतं’, ‘दिवस गेलेल्या बाईने दाताचं औषधपाणी करू नये.’ बाळ दातांमधून कॅल्शियम घेत नाही. दात जातो तो किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने. गरोदरपणात दात साफ करून घेता येतात, भरून घेता येतात, गरज पडली तर भूल देऊन काढताही येतात. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा. दंतवैद्याला दिवस गेल्याचे सांगायचे मात्र विसरू नये, कारण टेट्रासायक्लिनसारखी काही औषधे या काळात चालत नाहीत, त्याने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. आईचे किडके दात वेळेवर भरण्याचा फायदा बाळालाही होतो. किडीचे जंतू आईच्या लाळेतून, उष्ट्या चमच्यातून, चावून भरवलेल्या घासातून बाळाच्या तोंडात जातात.

आता मशेरीबद्दल. हे लिहिल्याशिवाय माझे पत्र पुरे होणार नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची, ही सवय आमच्या भागात सासूकडून सुनेकडे येते. पहिल्यांदा ती दातदुखीवर औषध म्हणून दिली जाते. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे बायका सांगतात, आणि त्यांना तसे खरोखरच जाणवते, कारण निकोटिनची सवय लागलेली असते. गरोदरपणात तंबाखू खाणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळे कमी वजनाची होतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला निकोटिन दुधातूनही मिळते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. तंबाखू घातलेल्या दंतमंजन आणि टूथपेस्टवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कुठला कायदा लागू होणार? ती फक्त विचारून आणि समजावून सुटते. गरोदर बाईची नोंदणी करताना ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर ती ‘नाही’ म्हणते आणि ते तिच्या लेखी खरेच असते, कारण मशेरी ती खात नाही, लावते. ‘दात कशाने घासता?’ असा प्रश्न विचारावा. मग खरे उत्तर मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर मातांना तपासतात. त्या दिवशी हा एक प्रश्न विचारायला आणि एकदा तोंड उघडून हिरड्या पाहायला कितीसा वेळ लागेल?

दात येण्याच्या काळातला आणखी एक समज मुलांच्या जिवावर येतो, तो म्हणजे ‘दाताची हगवण’. दात आल्याने जुलाब होत नाहीत. या वयात बाळ रांगते, जमिनीवरचे हाताला लागेल ते तोंडात घालते, वरचे अन्नही नुकतेच सुरू झालेले असते, जंतू पोटात जातात ते तसे. दाताचीच आहे म्हणून दोन दिवस वाट पाहिली की बाळ सुकते. अशा बाळाला ओआरएस आणि झिंक लगेच सुरू झाले पाहिजे, दात येत असोत वा नसोत.

नवीन यंत्रणा उभारा असे मी म्हणत नाही. आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात जातात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. त्या भेटीत त्यांनी सांगावे की दात दिसला की घासायला सुरुवात करा. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, रात्री झोपण्यापूर्वी चुकवू नका आणि मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मोठ्या माणसाने हात लावून घासा. ट्यूबवर फ्लोराइडचे प्रमाण लिहिलेले असते, १००० पीपीएमच्या आसपास हवे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि आधी पिण्याचे पाणी सुधारावे. अंगावरचे दूध मात्र दातांच्या भीतीने कोणी तोडू नये, दात पुसावेत. चोखणीला मध लावू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध मुळीच देऊ नये, गुटी उगाळतानासुद्धा. गोड सिरप रात्री दिले तर वर दोन चमचे पाणी पाजावे.

मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या तपासणीत दातांचे विकार आहेत आणि पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. पण पथक येते तेव्हा समोर बसलेली मुले बहुतेक तीन वर्षांच्या पुढची असतात. कीड लागते ती त्याआधी, मूल कडेवर असतानाच. २०२३ मध्ये राज्याच्या ‘स्वच्छ मुख अभियाना’साठी सचिन तेंडुलकर यांना ‘स्माइल अ‍ॅम्बॅसडर’ केले, त्याचे मला मनापासून कौतुक वाटले. ते अभियान लसीकरणाच्या सत्रापर्यंत आणि पाळण्यातल्या बाळापर्यंत यावे अशी इच्छा आहे.

पांढरी रेघ दिसलेल्या बाळाला पाठवायचे कुठे, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य नसतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचे म्हणजे आईची एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पाठवायचेच तर काही उपचार होईल याची खात्री हवी. सिल्व्हर डायमिन फ्लोराइड नावाचे द्रावण किडीवर नुसते ब्रशने लावतात. ड्रिल नाही, सुई नाही, काही मिनिटांत काम होते आणि कीड बऱ्याचदा थांबते. किडलेली जागा काळी पडते, हे आईला आधी सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडच्या पेस्टबरोबर हे द्रावणही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावे.

अंगणवाडीत जेवणाआधी हात धुण्याची सवय आपण लावली, तशीच जेवणानंतर ब्रशची लावता येईल. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात बालवाडीतच मुलांना रोज दात घासायला लावतात आणि तिथल्या मुलांची कीड कमी झाली. आपल्याकडे एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पाणी सगळीकडे नाही हे मला माहीत आहे. पण पेस्ट नुसती थुंकायची असते, चूळ भरायलाच हवी असे नाही.

शेवटी, हे काम वाढवताना आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या माथी आणखी एक रजिस्टर मारू नये. कार्डावर एक रकाना पुरे, त्यात तीनच खुणा: दात स्वच्छ, पांढरी रेघ, कीड. प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचे, तालुक्याच्या दंतवैद्याकडून, खऱ्या बाळांच्या तोंडात दाखवून. भेटीमागचा मोबदला वाढवून आणि तो वेळेवर देऊन हे करावे. एखाद्या जिल्हा परिषदेने एका तालुक्यात पुढच्या ग्राम आरोग्य पोषण दिवसापासून सुरुवात केली, तर सत्रावर येऊन नव्या नर्सताईंना ओठ कसा उचलायचा हे दाखवायला मी विनामोबदला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)