कुत्रं नव्हतं

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी मध्येच फोन ठेवला. तुला राग आला असणार. स्कीवर तुला वाट सांगणारी तुझी गाईड गुडघ्याच्या दुखण्यानं घरी गेली आणि आठ दिवसांत नव्या मुलीच्या मागनं तू बर्फाच्या उतारावर जाणार, हे तू असं सांगितलंस, जसा काही एसटीचा कंडक्टर बदललाय. मला पुढं बोलायला सुधरेना. हे मोबाईलवर लिहितोय, म्हणजे तुझा फोन तुला वाचून दाखवेल. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

गुलमर्गला थंडी किती आहे? ओले हातमोजे घालू नकोस. आणि गाईडचा आवाज कानात पोचवणाऱ्या हेल्मेटमधल्या त्या यंत्राचं चार्जिंग रात्री स्वतः बघत जा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, उद्यमनगरात तीस वर्षं यंत्रं खोललेला माणूस सांगतोय. ती नवी मुलगी पुढं, तू मागं. ती लेफ्ट म्हणणार, राइट म्हणणार, तू वळणार. तिच्या भगव्या जॅकेटचा तुला नुसता डाग दिसतो, तोही जवळ असली तर. आवाजच बंद पडला तर काय करतेस, ते एकदा मला नीट सांग.

असो. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो.

मीही वाचत असतो आता. बीजिंगच्या हिवाळी पॅरालिम्पिकला २०२२ मध्ये ब्रिटनच्या नील सिम्पसननं सुपर-जी या स्की-शर्यतीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा पुढं त्याचा सख्खा भाऊ अँड्र्यू होता. ऑस्ट्रियाच्या व्हेरोनिका आयग्नरनं त्याच वर्षी दोन सुवर्णं घेतली, वाट सांगायला तिची बहीण एलिझाबेथ. गाईडच्या गळ्यातही पदक पडतं, हे मला फार आवडलं. गल्लीत कोण म्हणालं, पोरीला दिसत नाही आणि बर्फावर काय करते? मी त्याला कट्ट्यावर बसवून सगळं सांगितलं. पूर्ण अंध खेळाडू काळे केलेले गॉगल लावून उतरतात, कमीजास्त दिसणाऱ्यांच्या वेळेला गुणक लावून निकाल काढतात, डाउनहिल या सगळ्यात वेगवान शर्यतीत ताशी १०० किलोमीटरच्या वर वेग जातो. तो गप्प झाला. घरी येऊन तो १०० चा आकडा मलाच झोपू देईना.

पण ती भावंडं, ताई. जन्मापासून कानात बसलेला आवाज. ही पोरगी आठ दिवसांची. बघ, परत तिथंच आलो. माफ कर.

रंकाळा आठवतो? तू नऊ वर्षांची. मी पुढं सायकलवर घंटी वाजवत, तू मागं तुझ्या लाल सायकलवर, घंटीच्या अंदाजानं. लोक थांबून बघायचे. शालिनी पॅलेसच्या बाजूला तू कठड्यावर आदळलीस आणि डाव्या भुवईवर तीन टाके पडले. कुत्रं आडवं आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तूही अजून तेच सांगतेस, परवा तुझ्या कोचलाही सांगितलंस.

कुत्रं नव्हतं. तालमीतला जुना गडी भेटला, खासबागेतल्या कुस्तीचा विषय निघाला आणि माझा अंगठा घंटीवरनं उठला. दहा-बारा पावलंच. तेवढ्यात तू सरळ गेलीस. टाके घालताना तू कुत्र्याला शिव्या घालत होतीस आणि मी तुझा हात धरून गप्प उभा होतो. पंधरा वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, आप्पा, सायकल काढा.

तू थांब, असं मी म्हणत नाही. रविवारी म्हणणार होतो, म्हणून फोन ठेवला.

आईनं कांदा-लसूण चटणी आणि मेथीचे लाडू पाठवलेत. दोन डबे आहेत, लहान त्या मुलीचा. तिला एकदा माझ्याशी फोनवर बोलायला सांग. काही विचारणार नाही तिला. नुसता आवाज ऐकायचाय.

तुझा,
आप्पा