'नेटकरी संतापले', पण किती?

महोदय,

'नेटकरी संतापले', 'सोशल मीडियावर तीव्र पडसाद' असे मथळे हल्ली रोज दिसतात. पोस्टींच्या आकड्यामागे माणसे किती, हे बातमी करण्यापूर्वी तपासले जाते का? जहाल संघटनांचा खेळ या आकड्यावरच चालतो.

जून २०१४ मध्ये इराकमधले मोसुल शहर 'इसिस' या दहशतवादी संघटनेच्या हाती पडले तेव्हा तिचे एक अँड्रॉइड अॅप चालू होते. समर्थक ते उतरवून घेत आणि आपल्या ट्विटर (आताचे 'एक्स') खात्यावरून लिहिण्याची परवानगी देत. पुढे मजकूर, हॅशटॅग, छायाचित्रे सगळे संघटनाच ठरवी. स्पॅम म्हणून पकडले जाऊ नये यासाठी पोस्टी अंतराअंतराने सुटत. एका दिवसात जवळपास ४० हजार ट्वीट पडले. खाती खऱ्या माणसांची, लिहिणारा हात एकच! पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेच्या अभ्यासात समर्थकांची किमान ४६ हजार खाती आढळली. गलका मुख्यतः त्यातल्या ५०० ते २,००० खात्यांचा होता.

हे ओळखायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. हॅशटॅगच्या पहिल्या तासातल्या शंभरेक पोस्टी काढाव्यात. मजकूर शुद्धलेखनाच्या चुकांसकट तोच आहे का? खाती एकाच आठवड्यात उघडलेली आहेत का? परळचा म्हणवणारा गृहस्थ रात्रंदिवस पोस्टी टाकतो, तर झोपतो कधी? मग पोस्टींना खात्यांच्या संख्येने भागावे. एकाच खुणेवर मात्र निकाल देऊ नये. नावामागची आकड्यांची शेपटी ट्विटर स्वतःच जोडत आले आहे. तेवढ्यावरून एखादे साधेसुधे काका बॉट, म्हणजे यंत्राने चालवलेले खाते, ठरतात. उलट, पगारी माणसांनी हाताने चिकटवलेला मजकूर यंत्राचा नसूनही बनावटच असतो.

खाती बंद करून उपयोग नाही, हे अर्धेच खरे. ऑगस्ट २०१६ पर्यंतच्या सुमारे वर्षभरात ट्विटरने दहशतवादाशी संबंधित ३ लाख ६० हजार खाती बंद केली. मंडळी टेलिग्रामवर सरकली. तिथे बंद पडलेल्या चॅनेलची नवी लिंक बॉट वाटू लागले. पण अनोळखी वाचकापर्यंत पोहोचणे अवघड झाले, कारण तिथे ट्विटरसारखी ट्रेंडची, म्हणजे गाजणाऱ्या विषयांची, यादी नव्हती.

ती यादी आपण छापून पुरवू नये. आकडा द्यायचाच तर खात्यांचा द्यावा, हॅशटॅग आणि स्क्रीनशॉट गाळावा. वाचकांनीही निषेधासाठी अशी पोस्ट पुढे पाठवू नये. तिची लिंक आणि वेळ टिपून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. नुसता स्क्रीनशॉट तपासाला अपुरा पडतो. १९३० हा क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठी आहे, यासाठी नव्हे.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई