'साल अमोनिअ‍ॅक' म्हणजे आपला नवसागर

मा. संपादक यांस,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत ज्वालामुखीच्या वाफमुखांशी, म्हणजे वाफ व वायू बाहेर पडणाऱ्या भेगांशी, आढळणाऱ्या 'साल अमोनिअ‍ॅक' या दुर्मीळ हॅलाइड (क्लोरीनसारख्या मूलद्रव्यांच्या क्षारांच्या गटातील) खनिजावरचा लेख वाचला. लेख रंजक असला, तरी हे खनिज म्हणजे आपला नवसागर, हे त्यात एकदाही आलेले नाही, आणि त्यामुळे ओळखीची वस्तू वाचकांना परकी वाटते. एरवी हा शब्द वृत्तपत्रांत दिसतो तो हातभट्टीवरील छाप्यांच्या बातम्यांत, काळ्या गुळाच्या जोडीला. निदान विज्ञानाच्या पानावर तरी त्याला जागा मिळायला हरकत नव्हती.

पितळेचे तापलेले पातेले, त्यावर टाकलेली नवसागराची पूड, भसकन उठणारा पांढरा धूर आणि पाठोपाठ कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील, हे कल्हईवाल्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी वाफमुखाशी घडणाऱ्या क्रियेचा अर्धा भाग पाहिलेलाच आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापवल्यावर तो सहसा वितळत नाही. त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, आणि गारवा मिळताच ते पुन्हा एकत्र येऊन त्याचे पांढरे कण बनतात. कल्हई करताना यांतला आम्लवायू, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड, धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, म्हणून कथील चिकटते. एटना किंवा व्हेसुव्हियस या इटलीतील ज्वालामुखींवर हेच वायू खडकांच्या भेगांतून वर येतात आणि भेगेच्या थंड कडेला स्फटिकांची साय धरते. लाव्हा झाडाझुडपांवरून वाहत गेला असेल, तर त्या जळालेल्या वनस्पतींतूनही अमोनियाला लागणारा नायट्रोजन मिळतो.

नवसागर निसर्गात दुर्मीळ का, याचे लेखात न आलेले कारण अगदी साधे आहे. नवसागर पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे पावसाच्या एका चांगल्या सरीत तो वाहून जातो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकात, त्या काळचा नवसागर शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. तिथल्या पोकळ्यांत आपल्याला झिओलाइट नावाची स्फटिकरूप खनिजे मिळतात, ती वेगळ्या प्रकारे, पुष्कळ नंतर तयार झालेली. दुर्मीळ म्हणजे महाग, असाही समज होऊ नये, कारण कारखान्यात तयार होणारा नवसागर स्वस्त असतो.

लेखातील एका विधानाबाबत मात्र मला स्पष्ट हरकत घ्यावीशी वाटते. 'हे खनिज आढळले म्हणजे तेथे ज्वालामुखी असणारच' असे त्यात म्हटले आहे. नेमकी हीच चूक आलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारख्या थोर निसर्गशास्त्रज्ञाकडून झाली होती. मध्य आशियातील तिएनशान पर्वतात धूर आणि नवसागर असल्याच्या जुन्या चिनी ग्रंथांतील वर्णनांच्या आधारे, समुद्रापासून इतक्या दूरही जागृत ज्वालामुखी आहेत, असे त्यांनी मानले. १८५७ मध्ये प्योतर सेम्योनोव हे रशियन संशोधक प्रत्यक्ष त्या पर्वतात गेले, तेव्हा त्यांना ज्वालामुखीचा मागमूसही लागला नाही. धूर होता तो जमिनीखाली पेटलेल्या कोळशाचा. कोळशात नायट्रोजन असतोच, त्यामुळे अशा आगीच्या तोंडाशीही नवसागर जमतो. ताजिकिस्तानात यग्नोब नदीच्या खोऱ्यात शतकानुशतके जळत असलेल्या कोळशाच्या थरांवर तो आजही सापडतो.

शेवटचा मुद्दा लेखासोबतच्या छायाचित्राचा. त्यातील पिवळ्या थराला चित्राखालच्या ओळीत 'साल अमोनिअ‍ॅक' म्हटले आहे. लोहाच्या क्षारांमुळे नवसागराला पिवळी झाक येऊ शकते हे खरे, पण वाफमुखांशी गंधकही असतेच, त्यामुळे केवळ रंगावरून निदान करणे धोक्याचे आहे. गंधक पाण्यात विरघळत नाही. नवसागर विरघळतो, आणि ओल्या चुन्यात चोळला की डोकेदुखीवर पूर्वी घरोघरी हुंगायला देत तो नाकाला झोंबणारा वास लगेच सुटतो.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सांगली